गिनीपिगची साक्ष

जपानच्या हजार येनच्या नोटेवर २००४ पासून वीस वर्षे एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे चित्र होते. दाट केस, जाड मिशी, रोखलेली नजर. हे हिदेयो नोगुची. जपानी मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांची गोष्ट ऐकत वाढल्या. मात्र ज्या कामासाठी ते आफ्रिकेत गेले आणि तिथेच संपले, ते काम मुळातच चुकले होते, हा भाग त्या गोष्टीत फार ठळकपणे येत नाही. वैद्यकशास्त्राला मात्र तोच भाग अधिक शिकवून गेला.

नोगुचींचा जन्म ९ नोव्हेंबर १८७६ रोजी जपानच्या फुकुशिमा भागातल्या इनावाशिरो इथे, गरीब शेतकरी घरात झाला. दीड वर्षाचे असताना ते घरातल्या उघड्या चुलीत पडले. डाव्या हाताची बोटे भाजून एकमेकांना चिकटली. शेतीची कामे या मुलाला झेपणार नाहीत, तेव्हा त्याला शिकवलेच पाहिजे, असे आई शिका यांनी ठरवले आणि त्यासाठी त्या राबत राहिल्या. पुढे शिक्षक आणि मित्रांनी वर्गणी काढून हातावर शस्त्रक्रिया करून घेतली. बोटे काही प्रमाणात सुटी झाली आणि मुलाने डॉक्टर व्हायचे ठरवले. मूळ नाव सेइसाकु. त्या काळच्या एका लोकप्रिय कादंबरीत जवळजवळ याच नावाचा एक उधळ्या वैद्यकीय विद्यार्थी होता. ते साम्य नकोसे वाटून त्यांनी नाव बदलले. (पैशाच्या बाबतीत ते स्वतःही त्या पात्रापेक्षा फार वेगळे नव्हते.)

१९०० साली ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला सायमन फ्लेक्सनर यांच्या दारात जाऊन उभे राहिले. फ्लेक्सनर आदल्या वर्षी जपानमध्ये भेटले होते, तेवढीच ओळख. सापाच्या विषावरच्या कामातून नोगुचींनी जम बसवला आणि १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आले. रात्र रात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती झाली. १९१३ मध्ये त्यांनी उपदंशामुळे वेड लागून मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. त्या शोधावर आजवर कुणी बोट ठेवलेले नाही. उपदंश ओळखण्यासाठी त्यांनी त्वचेवरची एक चाचणीही काढली. ती रुग्णांबरोबर निरोगी मुलांवरही संमतीशिवाय केली गेली, त्यावरून बरेच वादळ उठले, आणि ते उठायलाच हवे होते.

यानंतर पीतज्वर. ताप, कावीळ, काळी उलटी आणि अनेकदा मृत्यू. हा आजार डास पसरवतात हे वॉल्टर रीड यांच्या पथकाने क्यूबात १९०० मध्ये सिद्ध केले होते. पुढच्याच वर्षी दिसले की रुग्णाचे रक्तद्रव जीवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळले तरी त्यातून आजार होतो. म्हणजे कारण काहीतरी अतिसूक्ष्म होते. त्याला आज आपण विषाणू म्हणतो. पण ते पाहणार कसे आणि प्रयोगशाळेत वाढवणार कशात, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

१९१८ मध्ये नोगुची इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल बंदरात गेले. तिथे पीतज्वराची साथ होती. त्यांनी रुग्णांचे रक्त गिनीपिगना टोचले. त्यातले मोजकेच गिनीपिग आजारी पडले, त्यांना कावीळ झाली, आणि त्यांच्या रक्तात व यकृतात स्क्रूसारखे पीळदार, वळवळणारे जंतू दिसले. काही आठवड्यांतच नोगुचींनी पीतज्वराचा जंतू सापडल्याचे जाहीर करून त्याला लेप्टोस्पायरा इक्टेरॉइडिस असे नाव दिले.

खरी मेख इथे आहे. लेप्टोस्पायरामुळे होणाऱ्या वाइल रोगाचे कारण काही वर्षांपूर्वी जपानी शास्त्रज्ञांनीच शोधले होते. लेप्टोस्पायरा हे नावही नोगुचींनीच दिलेले. न्यूयॉर्कच्या उंदरांमध्ये त्यांनी स्वतः हे जंतू पाहिले होते. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या या आजारातही ताप येतो, कावीळ होते, मूत्रपिंडे बिघडतात, रक्तस्राव होतो. खाटेवरच्या रुग्णाकडे पाहून पीतज्वर आणि वाइल रोग यांत फरक करणे निष्णात डॉक्टरलाही अवघड होते. ग्वायाकिलच्या वॉर्डात पीतज्वर म्हणून दाखल झालेल्यांत काही जण वाइल रोगाचे असणारच.

आता गिनीपिगचा स्वभाव पाहा. पीतज्वराच्या रुग्णाचे रक्त टोचले तर तो आजारी पडत नाही. लेप्टोस्पायराने मात्र तो चटकन आजारी पडतो. म्हणजे रुग्णांच्या मिश्र गर्दीतून नोगुचींच्या चाचणीने नेमके चुकीचे रुग्ण वेचून काढले. ज्यांना खरा पीतज्वर होता त्यांच्या रक्ताने गिनीपिगना काहीच झाले नाही आणि तो निकाल बाजूला पडला. गिनीपिग खोटे बोलला नव्हता. त्याला जे विचारता येते तेवढेच त्याने सांगितले. भर म्हणजे लेप्टोस्पायरा इतका सडपातळ की तोही काही गाळण्यांतून निसटतो. त्यामुळे रीड यांच्या पथकाच्या निष्कर्षाशीही सगळे जुळल्यासारखे वाटले.

या जंतूपासून लस बनली आणि लॅटिन अमेरिकेत दिली गेली. ग्वायाकिलमधून पीतज्वर हटला खरा, पण त्याचे खरे कारण डासनियंत्रण होते. पाणी साठवण्याच्या भांड्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडले गेले, आपल्याकडे गप्पी मासे सोडतात तसे. श्रेयाचा वाटा मात्र लसीलाही मिळाला.

शंका घेणारे होते. रीड यांच्या पथकातले अग्रामोंते यांनी १९२४ मध्ये जमैकातल्या परिषदेत नोगुचींच्या दाव्याला उघड विरोध केला. १९२६ मध्ये हार्वर्डच्या मॅक्स थायलर आणि अँड्र्यू सेलार्ड्स यांनी दाखवले की नोगुचींचा जंतू आणि वाइल रोगाचा जंतू यांत भेद करता येत नाही. लस मागे पडली. पश्चिम आफ्रिकेत रॉकफेलरच्या पथकाने पीतज्वराच्या कितीतरी रुग्णांचे रक्त तपासले होते, पण त्यांना लेप्टोस्पायरा सापडत नव्हता.

उत्तर जून १९२७ मध्ये मिळाले. आजच्या घाना देशातल्या असिबी नावाच्या २८ वर्षांच्या तरुणाला पीतज्वर झाला होता. त्याचे रक्त एका ऱ्हिसस माकडाला टोचले आणि ते माकड पीतज्वराने मेले. ऱ्हिसस हे आपल्याकडचे, उत्तर भारतात सर्रास दिसणारे लाल तोंडाचे माकड. पीतज्वर आशियात कधी रुजलाच नाही, त्यामुळे या माकडाच्या अंगात त्याच्याशी लढण्याची काही पूर्वतयारी नव्हती. आफ्रिकेतली माकडे पिढ्यान्‌पिढ्या या विषाणूसोबत राहिलेली, ती सहसा दगावत नाहीत. योग्य प्राणी मिळाला आणि वीस-पंचवीस वर्षे अडलेली चाचणी एकदाची हाती आली. पथकातले एड्रियन स्टोक्स यांना पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांमध्ये वाइल रोग पाहण्याचा अनुभव होता. दोन्ही आजार प्रयोगशाळेत वेगळे करायला याहून योग्य माणूस मिळणे कठीण. त्याच सप्टेंबरमध्ये ते पीतज्वरानेच वारले.

नोगुचींना हे सारे जवळून पाहायचे होते. कदाचित आपला जंतू अजूनही सापडेल अशी आशाही असावी. नोव्हेंबर १९२७ मध्ये ते आक्राला पोहोचले. प्रकृती बरी नव्हती, वय एक्कावन्न. शेकडो माकडे घेऊन ते रात्री-बेरात्री काम करत. १९२८ च्या सुरुवातीला ते आजारी पडले आणि हा सौम्य पीतज्वर असल्याचे निदान त्यांनी स्वतःच केले. बरे झाल्यावर आपण आता सुरक्षित झालो असा त्यांचा समज झाला. पीतज्वर एकदा झाला की आयुष्यभर पुन्हा होत नाही, हे खरेच. पण मे महिन्यात लागोसहून परतल्यावर त्यांना खरा पीतज्वर झाला आणि २१ मे १९२८ रोजी ते आक्रात वारले. म्हणजे आधीचे दुखणे दुसरेच काहीतरी होते. शवविच्छेदन करणारे आक्रातले डॉ. विल्यम यंगही आठवडाभराने त्याच आजाराने गेले.

पुढे थायलर यांनी माकडांऐवजी स्वस्त उंदीर वापरायची युक्ती काढली. एखाद्याचे रक्तद्रव उंदराला विषाणूपासून वाचवते का, हे पाहून त्या माणसाला पीतज्वर होऊन गेला आहे का ते ठरवता येऊ लागले. असिबीच्या रक्तातून आलेल्या विषाणूपासूनच १९३७ मध्ये १७-डी लस तयार झाली आणि १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल मिळाले. मुंबईहून आफ्रिकेत जाणाऱ्याला आजही जी पीतज्वराची लस घ्यावी लागते, ती याच वंशातली.

ग्वायाकिलच्या वॉर्डासारखा गोंधळ आपल्याकडे दर पावसाळ्यात होऊ शकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, आणि डेंग्यूचाही हंगाम तोच. ताप, अंगदुखी, कमी झालेल्या प्लेटलेट्स दोन्हींत दिसतात. उपचार मात्र वेगळे. लेप्टोला वेळेत दिलेले प्रतिजैविक वाचवते, डेंग्यूवर तसे औषध नाही. म्हणून डॉक्टर तापाचा कितवा दिवस ते विचारतात. पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस-१ चाचणी उपयोगी, त्यानंतर प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था डेंग्यू आणि चिकनगुनियाच्या आयजीएम चाचणीचे संच बनवून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवते. लेप्टोची चाचणी निराळी सांगावी लागते. डेंग्यू नाही असा अहवाल आला म्हणजे लेप्टोही नाही, असे ठरत नाही. दुसऱ्या दिवशी आयजीएम नकारार्थी आली तर तिला फारसा अर्थ नसतो.

न्यूयॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीत नोगुची विसावले आहेत. आक्राजवळ १९७९ मध्ये त्यांच्या नावाने वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. पीतज्वराचे संशयित नमुने तिथे तपासले जातात.