पंख्याच्या पात्यावरची धूळ

मागच्या दिवाळीत जूचंद्रला नणंदेकडे गेले होते. हे गाव रांगोळीच्या कलाकारांचं. नणंदेची लेक रांगोळीला बसली की घरातला पंखा बंद म्हणजे बंद! घामाच्या धारा लागल्या तरी चालतील. त्या बंद पंख्याकडे बघत नणंदेनं विचारलं, की दिवसभर गरगर फिरूनही याच्या पात्यावर धूळ बसते तरी कशी? मी काय सांगणार? भाचीनंच सांगितलं. पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, त्यामुळे ती धूळ उडवतच नाही.

भाची इंजिनीअर. विमानाच्या इंजिनात हवा दाबून पुढे ढकलणारा कॉम्प्रेसर असतो. त्याच्या पात्यांवरून हवा कशी धावते, कुठे भोवरे घालते, हे ती कॉम्प्युटरवर पाहते. पुढच्या शिक्षणासाठी तिला बंगळूरला जायचं होतं. घरात मात्र बँकेच्या परीक्षेचा धोशा सुरू होता. खोटं कशाला बोलू, मीही त्याच बाजूची होते. तेव्हा तिनं मला डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याविषयी वाचायला दिलं.

घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू गावी १९०८ साली त्यांचा जन्म झाला. विमान दिसणंच नवलाचं होतं अशा काळात हा मुलगा शिकत शिकत थेट जर्मनीतल्या गटिंगनला पोचला. तिथे लुडविग प्रांड्टल शिकवत. पात्याला चिकटणाऱ्या हवेच्या त्या पातळ थराचं महत्त्व १९०४ साली जगाला पटवून दिलं ते यांनीच. हा थर पंखाला धरून राहिला तर ठीक, सुटला की विमानाची उचल घटते. १९३६ साली घाटगे प्रांड्टल यांच्या हाताखाली डॉक्टर झाले.

मैत्रिणींनो, त्याच काळात तिथे इर्मगार्ड लॉट्झ नावाची एक बाई संशोधन करत होती. विमानाच्या पंखावर उचल कुठे किती मिळते, याचा हिशेब सोपा करणारी रीत तिनं १९३१ मध्येच शोधली होती. १९४८ साली ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत स्टॅनफर्डला गेली. तो तिथे प्रोफेसर झाला, ती मात्र लेक्चरर. प्रोफेसर व्हायला तिला १९६० उजाडलं. पण हवेच्या थराची गणितं कॉम्प्युटरवर सोडवणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत तिचं नाव आहे!

घाटगे मायदेशी परतले. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. तिथे घाटग्यांनी आधी ग्लायडर केलं. तिथल्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचं शिक्षण सुरू झालं, तेव्हाच्या पहिल्या शिक्षकांत तेही होते. पुढे त्यांच्या देखरेखीखाली बनलेलं एचटी-२ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. वैमानिकांना उड्डाणाचे धडे देणारं दोन आसनांचं छोटंसं विमान. हवाई दलातल्या कितीतरी जणांनी पुढे त्यावरच हात बसवला. १९६४ साली ‘किरण’ हे जेट विमान उडालं आणि १९६५ साली घाटग्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले. विमान चालवणाऱ्यांचे फोटो आपण पेपरात बघतो. ते विमान कागदावर आखणाऱ्याचं नाव कितीजणींना ठाऊक असतं? मला तरी नव्हतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. एचटी-२ आपलं, पण इंजिन विलायती. ‘किरण’चंही तसंच. आजचं ‘तेजस’सुद्धा अमेरिकन इंजिनावर उडतं. घोडं अडतं ते इंजिनापाशीच. कॉम्प्रेसरमध्ये हवा जास्त दाबाकडे ढकलायची असते. पात्यालगतचा थर त्यात दमतो आणि सुटतो, मग इंजिन आचके देतं. हे आधीच कळावं म्हणून कॉम्प्युटरमध्ये पात्याभोवतालच्या हवेचे लाखो बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येकाचा वेग नि दाब मोजतात. भोवऱ्यात भोवरे असतात, सगळे मोजणं परवडत नाही, म्हणून बारक्यांचा अंदाज धरावा लागतो. हा अंदाज अधिक नेमका कसा करायचा, हेच भाचीला शिकायचं होतं.

दिवाळीनंतर मी नणंदेशी बोलले, नंदावांशीही. आधी माझंच चुकलं होतं, हेही कबूल केलं. ऑगस्टमध्ये भाची बंगळूरला गेली.

परवा नणंदेचा फोन आला होता. पंखा पुसायला स्टुलावर चढली होती म्हणे. फडक्याला लागलेली धूळ बघून लेकीची आठवण आली आणि बाई तशीच खाली उतरून फोन करत बसली.