विश्लेषण : जखमी बचावपटू थेट आघाडीवर! सय्यद अब्दुल रहीम यांचा डाव यशस्वी कसा ठरला?

आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक शेवटचे जिंकले ते ४ सप्टेंबर १९६२ रोजी, जकार्तात. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. खेळाडू निवडताना ते काय पाहायचे आणि पराभवानंतर बचाव कसा बदलायचे, हे समजून घेतले तर त्या सुवर्णपदकाचे कोडे उलगडते.

रहीम कोण होते?

जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशाने शाळेतील शिक्षक. म्हणूनच सगळे त्यांना ‘रहीमसाब’ म्हणत. १९४३ पासून अखेरपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. मुलांसाठी ते आगळ्यावेगळ्या स्पर्धा भरवत. एखाद्या स्पर्धेत चेंडू फक्त कमकुवत पायानेच मारायचा, तर एखाद्या स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी. चेंडू पायाशी घोळवत न बसता पटकन पास देण्याची सवय लागावी, हा त्यामागचा हेतू.

मुंबईशी त्यांचे नाते काय?

वसई-विरारहून लोकलने चर्चगेटला उतरले की कूपरेज मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रोव्हर्स चषकाचे हे घर. रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक जिंकला. मुंबईच्या फुटबॉलनेही त्यांच्या भारतीय संघाला मोहरे पुरवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा. १९६२ च्या संघातला बचावपटू चंद्रशेखर मूळचा केरळचा, पण खेळायचा मुंबईच्या कॅलटेक्सकडून. मधल्या फळीतला फॉर्च्युनाटो फ्रँको जन्माने गोव्याचा, पण घडला मुंबईच्या मैदानांवर.

बचाव बदलण्याची वेळ का आली?

त्या काळी भारतात २-३-५ ही रचना रूढ होती. मागे दोनच बचावपटू, पुढे पाच आघाडीपटू. १९५१ मध्ये दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने हरवून भारताने सुवर्ण जिंकले, तेव्हा या रचनेतले धोके झाकले गेले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, पण रहीम यांनी सारा दोष बुटांवर ढकलला नाही. मागची फळी अपुरी पडते, हे त्यांनी ओळखले. पुढे त्यांनी बचावात माणसे वाढवली आणि १९६२ पर्यंत संघ ४-२-४ मध्ये स्थिरावला. मागे चौघे, मध्ये दोघे, पुढे चौघे.

फळ दिसायला लागले. १९५६ मध्ये भारत ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि चौथा आला. १९६० मध्ये रोममध्ये पहिली फेरी ओलांडता आली नाही, तरी फ्रान्सला १-१ असे रोखले आणि बलाढ्य हंगेरीकडून हार झाली ती केवळ १-२ अशी.

जकार्तात नेमके काय घडले?

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवले. थायलंडविरुद्ध मुख्य बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके घालावे लागले. गोलरक्षक पीटर थंगराज फ्लूने आजारी होता. त्यात इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारल्याबद्दल भारतीय पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतल्याने जकार्ताचे प्रेक्षक भारतावर संतापले होते.

अशा वेळी बहुतेक प्रशिक्षकांनी जर्नेलला विश्रांती दिली असती. रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केले! वरवर हा जुगार होता, पण त्यामागे हिशेब होता. जर्नेल पूर्वी आघाडीवर खेळलेला होता, अंगाने दणकट होता आणि मागे त्याची जागा सांभाळायला अरुण घोष होता. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध (३-२) जर्नेलने गोल केला. अंतिम सामन्यात पुन्हा समोर कोरिया. कोरियाचे उंच चेंडू अडवण्यासाठी धिप्पाड थंगराज गोलमध्ये परतला. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी पहिल्या २० मिनिटांतच दोन गोल केले. कोरियाला शेवटी एकच गोल फेडता आला. भारत २-१ ने विजयी.

पुढे काय झाले?

हा विजय रहीम यांचा अखेरचा मोठा विजय ठरला. फुप्फुसाच्या कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर भारत ऑलिम्पिक फुटबॉलला कधीच पात्र ठरलेला नाही.

आज याचा उपयोग काय?

रविवारी एखाद्या मैदानावर मुलांचा संघ निवडणाऱ्या प्रशिक्षकालाही रहीम यांच्याकडून दोन गोष्टी घेता येतील. अकरा नामवंत गोळा करण्यापेक्षा अकरा कामे कोण कोण करील, ते आधी ठरवावे. आणि हरल्यावर खेळाडू बदलण्याआधी रचना तपासावी. १०-१ च्या पराभवापासून सुवर्णपदकापर्यंतची दहा वर्षे रहीम यांनी हेच केले.