सापाचे वेटोळे ओळखणारा कप्तान

‘सायक्लोन’ हा शब्द आता इतका अंगवळणी पडला आहे की तो कुणीतरी बसून तयार केला असेल असे मनातही येत नाही. तो तयार झाला कोलकात्यात. तयार करणारा माणूस ना हवामानशास्त्रज्ञ होता, ना प्राध्यापक. हेन्री पिडिंग्टन हा व्यापारी जहाजांवर उमेदीची वर्षे घालवून जमिनीवर स्थिरावलेला कप्तान. ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरावर ढगांची गोल चकती दिसू लागली की मोबाईलवर उपग्रहाची चित्रे ताणून पाहणारे आणि रात्री उशिरापर्यंत एकमेकांना पाठवत बसणारे हौशी लोक आपल्या सोलापुरातही आहेत. त्या साऱ्यांचा हा मूळपुरुष. त्याच्याजवळ उपग्रह नव्हता. वादळ होऊन गेल्यावर कित्येक आठवड्यांनी बंदराला लागणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या, एवढेच त्याचे भांडवल.

समुद्रापासून इतक्या दूरच्या सोलापूरकराला या कप्तानाशी काय देणेघेणे, असे वाटू शकते. पण आपल्या जिल्ह्याच्या पावसाचा हिशेब मांडून पाहा. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आपण पर्जन्यछायेत कोरडे राहतो. आपला सर्वांत पावसाचा महिना सप्टेंबर. उत्तरा आणि हस्त बरसले तर विहिरींना पाणी आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी. या पावसाचा मोठा वाटा पूर्वेकडून येतो. उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते आंध्रच्या किनाऱ्यावर चढते आणि तेलंगणातून आपल्याकडे सरकते. बहुतेक वेळा ते वरदान असते, पण नेहमीच नाही. 13 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी अशीच एक प्रणाली काकीनाडाजवळ किनाऱ्यावर आली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या डोक्यावर होती. पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जीव गेले, भीमेला पूर आला आणि काढणीला आलेली पिके पाण्यात उभी राहिली. हे काकीनाडा पुढेही येणार आहे, ध्यानात असू द्या.

पिडिंग्टनचा जन्म 1797 चा, इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातला. हिंदुस्थान आणि चीनच्या सागरी मार्गांवर जहाजे हाकून तो कोलकात्यात राहिला. स्वस्थ बसणे स्वभावात नव्हते. 1832 मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या वनस्पतींची एक सूची छापली. माती, खनिजे, शेती यांवर लिहिले. पुढे तिथल्या भूगर्भविषयक संग्रहालयाचा अभिरक्षक झाला. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे नाव वारंवार दिसते. एकाच माणसाने इतक्या विषयांत हात घालावा आणि कुणी त्याला पदवी विचारू नये, असा तो काळ होता. आज असे कुणी करू लागले तर आपण त्याला आधी प्रमाणपत्र मागू.

1838 मध्ये विल्यम रीड या लष्करी अभियंत्याचे वादळांच्या नियमांवरचे पुस्तक आले. त्याआधी अमेरिकेत विल्यम रेडफिल्ड या माणसाने एक साधी गोष्ट पाहिली होती. रेडफिल्ड घोड्यांची खोगिरे बनवणारा कारागीर. 1821 च्या सप्टेंबरातल्या वादळानंतर पायी प्रवास करताना त्याला दिसले की एका भागात उन्मळलेली झाडे एका दिशेला पडली आहेत आणि काही कोसांवर नेमकी उलट दिशेला. वारा सरळ रेषेत वाहिला असता तर हे शक्य नव्हते. वारा गोल फिरत होता. खोगीरवाला, लष्करातला अभियंता आणि मग आपला कप्तान अशी हौशी माणसांची ही साखळी आहे.

रीडचे पुस्तक वाचून पिडिंग्टनने ठरवले की हेच उपसागरात तपासायचे. 1839 च्या जूनमध्ये उपसागरात मोठे वादळ झाले. त्याने त्या वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवायला सुरुवात केली. त्यांत तास, वाऱ्याची दिशा, वायुभारमापकाचा पारा आणि जहाजाची जागा लिहिलेली असे. मग एकाच वेळेच्या साऱ्या नोंदी एका नकाशावर मांडायच्या. एका जहाजावर वारा पूर्वेचा, दुसऱ्यावर उत्तरेचा, तिसऱ्यावर पश्चिमेचा. सुटे वाचले तर गोंधळ. एकत्र मांडले की मधोमध केंद्र असलेले चक्र. दुसऱ्या दिवसाच्या नोंदी मांडल्या की ते चक्र किती सरकले तेही कळे. वादळांवरचे असे वीसहून अधिक शोधलेख त्याने पुढच्या वर्षांत लिहिले.

डॉक्टर म्हणून मला या पद्धतीचे फार अप्रूप वाटते, कारण साथरोगाचा तपास आम्ही असाच करतो. एका रुग्णाच्या केसपेपरवरून साथ कळत नाही. गावातल्या पन्नास केसपेपरवरच्या तारखा आणि पत्ते एका नकाशावर टाकले की दूषित विहीर आपोआप दिसते. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने पटकीच्या मृत्यूंचा नकाशा काढून दोष पाण्याच्या पंपाकडे जातो हे दाखवले ते 1854 मध्ये. त्याच्या पंधरा वर्षे आधी कोलकात्यातला हा कप्तान तेच तंत्र वादळांना लावत होता.

त्याच्या संग्रहातले सर्वांत विलक्षण प्रकरण ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाचे. 1845 च्या फेब्रुवारीत मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडले. वारा मागून घ्यायचा आणि पळत सुटायचे, ही दर्यावर्दींची जुनी रीत. कप्तानाने तेच केले. पाच दिवस जहाज जिवाच्या आकांताने धावत होते. नोंदवही हाती आल्यावर पिडिंग्टनने ती वाट नकाशावर काढली, तर जहाजाने वादळाच्या केंद्राभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या होत्या! इतके धावूनही ते मूळ जागेपासून फारसे दूर गेले नव्हते. जे काही सरकले ते वादळानेच सोबत ओढून नेले म्हणून. वारा गोल फिरतो याचा याहून चांगला पुरावा कुणी मुद्दाम ठरवूनही तयार केला नसता.

1848 मध्ये त्याचे मुख्य पुस्तक लंडनला छापले गेले. त्यात त्याने अशा वादळांना स्वतंत्र नाव सुचवले. ग्रीक भाषेत वर्तुळ आणि सापाचे वेटोळे या अर्थांचा जो शब्द आहे त्यावरून ‘सायक्लोन’. आपल्या ‘चक्रीवादळ’ या शब्दात चाक आहे, त्याच्या शब्दात साप. मला सापच जास्त पटतो. वेटोळे घालून शांत दिसणारा मधला भाग, आणि बाहेर फणा.

या पुस्तकाचे नावही गमतीचे आहे. इंग्लंडात मुलांना मुळाक्षरे शिकवायची एक पाटी असे, तिच्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा चढवलेला असे. पिडिंग्टनने आपल्या पुस्तकाला तेच नाव दिले. आपण त्याला खलाशांची अंकलिपी म्हणू. आणि खरोखरच पुस्तकाबरोबर शिंगाचे दोन पारदर्शक पत्रे दिले होते, एक उत्तर गोलार्धासाठी, एक दक्षिणेसाठी. त्यांवर वर्तुळे आणि वाऱ्याच्या दिशा कोरलेल्या. कप्तानाने पत्रा नकाशावर ठेवायचा, आपल्याला जो वारा लागतो आहे तो वर्तुळावर शोधून तिथे आपले जहाज बसवायचे, की वादळाचे केंद्र कोणत्या बाजूला आहे ते समजे. उत्तर गोलार्धात हे उपकरणाशिवायही जमते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाबाचे केंद्र साधारण तुमच्या डाव्या हाताला. पुढे कळले की वारा अगदी वर्तुळात न फिरता आत वळत जातो, तेव्हा हे गणित थोडे दुरुस्त करावे लागले.

तेवढ्यावर तो थांबला नाही. जाड पुस्तक सामान्य खलाशी वाचणार नाही हे ओळखून 1852 मध्ये त्याने साध्या दर्यावर्दींसाठी संवादरूपात एक छोटे पुस्तक लिहिले. हा माणूस कोलकात्याच्या सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष होता. बुडालेल्या जहाजांची प्रकरणे त्याच्यासमोर येत. अज्ञानाने माणसे कशी मरतात हे पाहिलेला माणूस सोपे लिहितो. आमच्या व्यवसायात याची वानवा आहे. रुग्णाला कळेल अशी चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर मोजकेच सापडतात.

वादळे का होतात, याचे त्याचे उत्तर मात्र साफ चुकले. वातावरणाच्या वरच्या थरात विजेची एक चकती तयार होते आणि ती खाली उतरते, अशी त्याची कल्पना होती. आज आपण जाणतो की सुमारे 26-27 अंश सेल्सियसहून उबदार समुद्रावरची वाफ वर जाऊन तिचे पाणी होताना जी उष्णता सुटते, तिच्यावर हे यंत्र चालते. जमिनीवर आले की ही वाफ तुटते, वारा पडतो, पण सोबत आणलेला ओलावा पावसाच्या रूपाने सांडत राहतो. सोलापूरला वादळाचा वारा न लागता नुसता पूर येतो तो यामुळे. कारण चुकले तरी त्याचे वर्तनाचे नियम टिकले. जॉन स्नोलाही पटकीचा जंतू दिसला नव्हता, तरी पंपाचा दांडा काढायला सांगताना तो चुकला नाही.

पिडिंग्टनला कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वादळात माणसे वाऱ्यापेक्षा पाण्याने मरतात. इथे काकीनाडा पुन्हा येते. त्याच्याजवळच गोदावरीच्या मुखापाशी कोरिंगा नावाचे भरभराटीचे बंदर होते. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथे. 1789 च्या डिसेंबरात वादळासोबत समुद्राच्या तीन लाटा एकामागून एक गावावर चढल्या आणि गाव जवळजवळ नाहीसे झाले. 1839 च्या नोव्हेंबरात कोरिंगावर पुन्हा तोच घाला पडला. पिडिंग्टनने या हकिगती बारकाईने अभ्यासल्या आणि वादळाबरोबर पाण्याचा एक फुगवटाच किनाऱ्यावर चढतो, हे ठामपणे मांडले.

पाणी ओसरल्यावर संकट संपते असे मात्र नाही. 1876 च्या ऑक्टोबर अखेरीस आजच्या बांगलादेशातल्या बाकरगंजला वादळी लाटेने सुमारे एक लाख माणसे बुडाली, आणि नंतरच्या पटकीने व उपासमारीने जवळपास तितकीच गेली. आपल्याकडच्या पुरात आकडे लहान असतात, क्रम तोच असतो. पहिल्या दोन दिवसांत बुडणे, भिंत पडणे, विजेचा धक्का. मग जुलाब आणि कावीळ. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप. पायावर जखम असताना पुराच्या चिखलातून चाललेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत कळा आणि डोळे लाल, अशी लक्षणे दिसली तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी आणि तापाची गोळी घेऊन घरी न बसता रुग्णालय गाठावे. साठलेल्या पाण्यावरच्या डासांचा डेंग्यू त्याच सुमारास येतो. आणि खरेखुरे वेटोळेही. बिळात पाणी शिरले की घोणस, नाग, मण्यार कोरड्या जागी, म्हणजे आपल्या घराच्या ओट्यावर येतात. दंश झाला तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यात वेळ घालवू नये. तो भाग न हलवता सरकारी रुग्णालयात आणावे, लस तिथे असते. पुरानंतरचे दोन-तीन आठवडे पिण्याचे पाणी उकळूनच प्यावे, नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या टाकाव्यात.

पिडिंग्टनच्या आयुष्यातली शेवटची मोठी लढाई एका बंदरावरून झाली. हुगळी नदी गाळाने भरत चालली होती, म्हणून कोलकात्याच्या आग्नेयेला सुंदरबनच्या तोंडाशी नवे बंदर बांधायचा विचार सरकारात सुरू झाला. जागा ठरली मातला नदीवर. नदीचे हे नाव मातण्यावरूनच आले आहे; मराठी कानाला ते वेगळे समजावून सांगायला नको. 1853 मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला खुले पत्र लिहिले. वादळाची लाट या मार्गाने वर चढेल, एक दिवस सारी वसाहत पाच ते पंधरा फूट खाऱ्या पाण्याखाली जाईल, असे त्याने त्यात बजावले. पत्राचा उपयोग झाला नाही. सरकारी अभियंत्यांपुढे एका हौशी माणसाच्या वह्यांचे मोल ते किती! बंदर झाले, त्याला पुढच्या गव्हर्नर जनरलच्या नावावरून पोर्ट कॅनिंग म्हटले गेले, रेल्वे आली, धक्के उभे राहिले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीही त्यात पैसा ओतला.

पिडिंग्टन 1858 च्या एप्रिलमध्ये वारला. 1 नोव्हेंबर 1867 च्या रात्री वादळ आले आणि मातलावरून सुमारे सहा फुटांची लाट बंदरावर चढली. धक्के मोडले, वस्ती बुडाली. पाचेक वर्षांत सरकारने बंदराचा नाद सोडला. रेल्वे तेवढी राहिली. सियालदाहून आजही कॅनिंगला लोकल सुटते, आणि सुंदरबन पाहायला निघालेले प्रवासी शेवटच्या स्थानकावर उतरून पुढची वाट धरतात.