लिओ मॅककेरी
लिओ मॅककेरी (३ ऑक्टोबर १८९८, लॉस एंजेलस – ५ जुलै १९६९, सांता मोनिका) हे अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक होते. कायद्याचे शिक्षण घेऊनही ते चित्रपटसृष्टीकडे वळले. लॉरेल आणि हार्डी यांची जोडी जमवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९३७ मध्ये मुलांना जड झालेल्या वृद्ध दांपत्यावरील त्यांचा ‘मेक वे फॉर टुमॉरो’ आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरला. त्याच वर्षी त्यांनी ‘द ऑफुल ट्रुथ’ हा विनोदी चित्रपट केला. घटस्फोट अंतिम होण्याआधीच पुन्हा एकमेकांकडे ओढल्या जाणाऱ्या पती-पत्नीच्या भूमिका कॅरी ग्रँट व आयरीन डन यांनी केल्या. अनेक प्रसंग ऐन चित्रीकरणात रचले जात. त्यामुळे अस्वस्थ झालेल्या ग्रँट यांनी चित्रपट सोडण्याचा प्रयत्न केला होता. याच चित्रपटासाठी मॅककेरी यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. ते स्वीकारताना मात्र, हा सन्मान आपल्या अपयशी चित्रपटाला मिळायला हवा होता, असे त्यांनी सूचित केले.