अंगावरच्या फोडांनी हैराण झालेल्या राजाने चंद्रपूर वसवलं, त्याची गोष्ट

जिवतीच्या डोंगरातला माणिकगड पाहून गडचांदूर, राजुरा करत वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर लागतं आणि पुढे चंद्रपूर. ही दोन्ही शहरं एकाच गोंड राजाच्या नावाशी जोडली आहेत, खांडक्या बल्लाळशाह. मराठीत मोठ्या गळवाला खांडूक म्हणतात, त्यामुळे नाव ऐकताच त्याचं दुखणं डोळ्यांपुढे येतं.

काळ पंधराव्या शतकाचा. गोंड राजांची गादी तेव्हा सिरपूरला होती. हे सिरपूर आज तेलंगणात आहे. परंपरा सांगते की राजाचं सगळं अंग गाठी आणि फोडांनी भरलेलं होतं. औषधपाणी करून झालं, गुण येईना. शेवटी राणीने जागा बदलायचा सल्ला दिला. राजाने वर्धेच्या पलीकडच्या काठावर किल्ला बांधला आणि भोवती गाव वसलं, तेच बल्लारपूर.

एक दिवस राजा शिकारीला निघाला. तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. तिथे एका छिद्रातून पाणी झिरपत होतं. तो पाणी प्यायला, हातपाय-तोंड धुतलं आणि परतला. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिलं, तर जिथे पाणी लागलं तिथले फोड गेलेले! दोघं पुन्हा त्या जागी गेले, राजाने आंघोळ केली आणि तो बरा झाला. तिथेच अंचलेश्वराचं मंदिर उभं राहिलं.

पुढे त्याच भागात राजाला अजब दृश्य दिसलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. राणीने सांगितलं, ही जागा साधी नाही, इथे शहर वसवा. तेच चंद्रपूर. कोटाचं काम पुढच्या पिढ्यांनी पूर्ण केलं.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. पाण्याने एका रात्रीत फोड जातात का? नाही. पण गार पाण्याने खाज नक्की शमते आणि खाज थांबली की झोप लागते. कथेतला हा भाग आपल्यालाही पटतो.

फोड फुटला किंवा कातडी खरचटली की रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे गोळा होतात. फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, ते वाळतं आणि खपली धरते. तिच्या आडोशाला नवी कातडी तयार होते. या कामात हिस्टामिनसारखी रसायनं सुटतात, ती मज्जातंतूंना चेतवतात. शिवाय वाळलेली खपली आजूबाजूची कातडी ओढते. म्हणून खाज सुटते. रात्री लक्ष दुसरीकडे नसतं, त्यामुळे ती जास्तच जाणवते. खपली ओरबाडली की जखम उघडी पडते, नखांतले जंतू आत जातात आणि व्रण राहतो.

कुत्र्या-मांजरांचंही असंच. फरक इतकाच की ती खाजवतात, चावतात आणि चाटत राहतात, त्यामुळे जखम भरत नाही. पिसवा, गोचीड, खरजेचे किडे ही नेहमीची कारणं. कुत्र्याची खरूज माणसालाही काही दिवस खाजवू शकते. आपलं मलम मात्र त्यांना लावू नका. ती ते चाटतात आणि खरजेवरचं परमेथ्रिन तर मांजराला विषारी ठरतं.

मग करायचं काय? जखम स्वच्छ पाण्याने धुवा, नखं कापा, खाजेवर गार ओली पट्टी ठेवा. पू, ताप, पसरणारी लाली किंवा मधुमेह असेल तर दवाखाना गाठा. घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, तर उपचारही सगळ्यांनी एकदम घ्यायला हवेत.

आणि एक गोष्ट. ज्या फिकट किंवा लालसर चट्ट्याला खाजही नाही आणि स्पर्शही कळत नाही, तो अजिबात दुर्लक्षू नका. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमटेंनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारलं. आज या रोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो.

खांडक्या राजाला झरा सापडेपर्यंत वणवण करावी लागली. आपल्याला दवाखाना तेवढा लांब नाही.