डॉक्टरांनी अंडी द्यायला सांगितली, पण गांधीजींनी मुलाला ओल्या चादरीत गुंडाळलं

साल १९०२. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले बॅरिस्टर गांधी मुंबईत गिरगावात बिऱ्हाड करून राहत होते. अशात जेमतेम दहा वर्षांचा मणिलाल तापानं फणफणला. टायफॉइड, त्यात न्यूमोनिया. रात्री पोरगं बरळायला लागलं.

पारशी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषधांचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. गांधीजींनी नकार दिला.

या नकाराचं मूळ पोरबंदर-राजकोटच्या घरात होतं. आई पुतळीबाई कडक उपास करणाऱ्या. चातुर्मासात सूर्य दिसल्याशिवाय न जेवण्याचं व्रतही त्यांनी केलेलं. १८८८ मध्ये विलायतेला जाताना मोहननं त्यांना मांस न खाण्याचं वचन दिलं. लंडनमधले काही शाकाहारी अंड्याला मांस मानत नव्हते, म्हणून त्यानं थोडे दिवस अंडी खाल्लीही. मग लक्षात आलं, आईच्या लेखी अंडं म्हणजे मांसच. अंडी बंद झाली. १८९१ मध्ये तो परतला, तेव्हा आई हयात नव्हती. पण वचन राहिलं.

गांधीजींनी मणिलालला विचारलं. त्यानं वडिलांच्याच उपचाराला होकार दिला. अर्थात त्या घरात वाढलेलं दहा वर्षांचं पोर दुसरं काय म्हणणार?

मग जर्मनीच्या लुई कूनेंच्या पद्धतीनं कटिस्नान सुरू झालं. तीन दिवस पोटात फक्त पाणी घातलेला संत्र्याचा रस. ताप १०४ वर गेला. गांधीजी घाबरले. मुलाला ओल्या चादरीत गुंडाळलं, वर कांबळी टाकली, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि कस्तुरबांना जवळ बसवून ते रामनाम घेत चौपाटीवर फिरायला गेले. परत आले तर मणिलाल घामानं थबथबलेला. ताप उतरू लागला होता.

मणिलाल वाचला, पण तो पाण्यानं की शुश्रूषेनं, याची खात्री खुद्द गांधीजींनाही देता आली नाही. टायफॉइडवर नेमकं औषध यायला तेव्हा चाळीसेक वर्षं बाकी होती. म्हणजे अंडी हासुद्धा काही इलाज नव्हता.

गंमत म्हणजे, वडील करमचंद आजारी असताना घरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन होऊ दिलं नाही, ते व्हायला हवं होतं असं गांधीजींना पुढे वाटत राहिलं. १९२४ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये त्यांनी स्वतःचं अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं.

धाकटा देवदास १९०० मध्ये जन्मला, तेव्हा कुणी वेळेवर न मिळाल्यानं बाळंतपण गांधीजींनीच केलं होतं. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या. त्यांच्यासाठी विमानानं पेनिसिलिन मागवलं गेलं आणि ते द्यावं म्हणून याच देवदासनं आग्रह धरला. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी त्याला समजावलं. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. इंजेक्शन दिलंच गेलं नाही.