मजूरमंत्री बाबासाहेब आणि बाईची हजेरी

बाबासाहेबांचे चरित्र आपण चवदार तळ्यापासून सांगतो, घटनेपासून सांगतो. मजूरमंत्री बाबासाहेब मात्र जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकले जातात. अंथुर्णे परिसरात खुरपणीला जाणाऱ्या बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी असते. तिची मुलगी बारामतीच्या एमआयडीसीत गेली, तरी तिच्या वाट्याला बहुधा 'हलके काम'च येते. म्हणून हा भाग आम्ही जरा सविस्तर सांगतो.

बाईच्या कष्टाचे मोल बाबासाहेबांना घरातच कळले होते. ते परदेशात शिकत असताना रमाईंनी मुंबईत गोवऱ्या थापून संसार ओढला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देणाऱ्या विधेयकाची बाजू घेतली. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९४२ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूर खाते त्यांच्याकडे आले.

महायुद्धात कोळसा कमी पडू लागला. १९४३ साली सरकारने स्त्रियांच्या खाणीतील भूमिगत कामावरची बंदी उठवली. खाते बाबासाहेबांचेच होते. या निर्णयावर टीका झाली, आणि ती सगळी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. त्या डिसेंबरात ते स्वतः धनबादकडच्या खाणीत उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांना जाब विचारला गेला, तेव्हा त्यांनी एक गोष्ट ठासून मांडली: खाली उतरणाऱ्या बाईला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी आहे, आणि एखाद्या उद्योगात हे तत्त्व बहुधा प्रथमच आले आहे. १९४६ साली बंदी पुन्हा लागली.

मजुरीचे ते तत्त्व पुढे संविधानाच्या कलम ३९ (घ) मध्ये आले. पण ते मार्गदर्शक तत्त्व. केवळ त्याच्या बळावर कोर्टात दाद मागता येत नाही. समान वेतनाचा कायदा व्हायला १९७६ उजाडले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा वीस वर्षे होत आली होती. त्या कायद्याने एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला समान वेतन सांगितले. पळवाटही तिथेच निघते. एकाच मशीनवर पुरुष 'ऑपरेटर' असतो आणि बाई 'हेल्पर'.

तेव्हा वस्तीतल्या एखाद्या ताईची पगारपावती हातात आली, तर रकमेआधी हुद्द्याचा रकाना वाचा.